मिनिटाला अडुसष्ट

मागच्या महिन्यात चहाच्या सुट्टीत आमच्या वॉर्डातल्या एका शिकाऊ नर्सनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "सिस्टर, हे बघा ना, लई चाललंय सध्या." दोन पोरी गॉगल लावून कंबर हलवत होत्या आणि मागं कुणीतरी बाई चिरक्या आवाजात "डोळ्यात, डोळ्यात, डोळ्यात" करत होती. ती बाई म्हणजे मी.

मी कप असा आपटला की बशीचे दोन तुकडे झाले. "बंद कर ते आधी!" पोरगी बिचारी पांढरी पडली. तिचा काय दोष? तिला कुठं ठाऊक की मूळ ओळ "धूळ जाईल डोळ्यात" अशी आहे, ती माझ्या आईनं जुळवली आहे आणि ते गाणं मिनिटाला अडुसष्ट ठोक्यांवर बांधलं होतं. ज्यानं बांधलं तो गौतमदादा पगारे जाऊन आता दोन वर्षं होतील. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. का बोलू नये? तो असता तर तोंडावर बोलले असते. आयुष्यभर बोलतच होते.

दादाचं दुकान मुकुंदवाडीत, स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला. पाटी 'लासूर साऊंड'. नाव वडिलांपासूनचं. वडील लासूर स्टेशनला लग्नाकार्यात भोंगे लावायचे. दादानं शहरात येऊन अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं काम धरलं, कार्यक्रमांना साऊंड द्यायला लागला, पण पाटी तीच ठेवली. माणूस उंच, हडकुळा, खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. कुठंही गेला की आधी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवायचा आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत ओठातल्या ओठात मोजायचा. आम्ही नर्सा नाडी बघतो तसं. आणि तोंडात एकच वाक्य, "घाई कुणाला हाय?" मंडळाची पोरं दारात ताटकळत विचारायची, दादा, मशीन झालं का? "घाई कुणाला हाय?" अरे, त्यांना हाय! उद्या त्यांचा कार्यक्रम हाय! पण सांगतंय कोण.

ह्या माणसाच्या डोक्यात जे भूत शिरलं ते एका गोऱ्या बाईच्या वॉकमनमधून. वेरूळ बघायला आलेली बाई, तिचा वॉकमन बंद पडला, रिक्षावाल्यानं तिला दादाच्या दुकानात आणून सोडलं. दादानं आतला रबरी पट्टा बदलला आणि चालतंय का बघायला म्हणून कानाला लावला. दोन तास काढलाच नाही. बाई बाकावर बसून राहिली, दोनदा चहा प्याली, शेवटी हसत हसत ती कॅसेट तिथंच ठेवून गेली.

कॅसेट इंग्लंडातल्या एका बँडची होती. तिघं जण होते त्यात. ह्या संगीताला ट्रिप-हॉप म्हणतात असं बाईनं त्याला सांगितलं. यंत्रावरचा जड, संथ ठोका, मागं कसले कसले जुने आवाज आणि त्यावर एखादी बाई झोपेतून उठल्यासारखी गाते. दादाला त्यांचं नाव कधी नीट उच्चारता आलं नाही. तो शेवटपर्यंत "ते तिघं" म्हणायचा. बाई परत गेल्यावरही वर्षा-दोन वर्षांनी पाकीट पाठवायची, आत त्या तिघांबद्दलची कात्रणं. दादानं शेजारच्या इंग्रजीच्या मास्तरांच्या डोक्याला ताप देऊन ती सगळी मराठी करून घेतली. मग पेंटर बोलावला आणि दुकानाच्या भिंतीवर त्या तिघांचा अख्खा इतिहास लिहून घेतला. झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक असतो ना, हिरवा, पिवळ्या अक्षरांचा? हुबेहूब तसा. अनुक्रमांक, काय केले, कोण आले, कोण गेले.

पहिल्या ओळीत, बंदराच्या गावात वस्तीतल्या नाक्यावर भोंगे लावून गाणी वाजवली. मग पहिली कॅसेट, गाजली. मग जाहिरातवाले आले, त्यांना परत पाठवलं. दुसरी कॅसेट आणखी गाजली. पाचव्या ओळीत भांडण, तिघांतला एक गेला. सहावी ओळ, दहा वर्षं गप्प. आणि सातवी, तिसरी कॅसेट, सर्वांत चांगली. शेजारी तेवढाच मोठा दुसरा फलक होता. वर 'लासूर साऊंड' आणि खाली सगळा कोरा.

"हे कोण लोक हायत ठाऊक हाय का तुला?" नवीन माणूस दुकानात आला की दादा त्याला त्या भिंतीसमोर उभा करायचा. "त्यांचे आईबाप जहाजातनं आलेले. कुणी काळा, कुणी गोरा. मोठ्या हॉलात कुणी उभं करीना, म्हणून वस्तीत भोंगे लावायचे. लोक गोळा व्हायचे, मग पोलीस यायचे. सांग, कोण हायत ही माणसं?"

मग स्वतःच सांगायचा.

"आपली हायत की रे!"

मला तो भेटला आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. स्टेजवर गात होते आणि मागं कीबोर्डवाला असा काही बडवत होता की माझं मलाच ऐकू येईना. साऊंड दादाचा. तो उठला, शांतपणे स्टेजवर चढला आणि मेनचं बटण बंद केलं. सगळा मांडव ओरडायला लागला. हा म्हणतो, "बाईचा शब्द ऐकू येईना. शब्द ऐकू आल्याबिगर म्या चालू करणार नाय." आणि माझ्याकडं वळून, "तू गा. माईक नको. हळू गा."

मी गायले. मांडव गप्प झाला. खाली उतरल्यावर मला वाटलं, आता शाबासकी देईल. तर म्हणाला, "अजून हळू पाहिजे होतं."

असा हलकट! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात गेलेच. तिथं रौफभाई होता, ढोलकी वाजवणारा, दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. आम्ही तिघं झालो. दादाला तर स्वर्गच मिळाला. तिकडं तिघं, इकडं तिघं.

मांडववाल्याकडच्या गाद्या भिंतींना टेकवून आम्ही रेकॉर्डिंग करायचो. दादा कुठून कुठून आवाज गोळा करून आणायचा. रेल्वे फाटकाची घंटा, पिठाच्या गिरणीचा पट्टा, शेंद्र्याच्या एका कारखान्यातली प्रेस मशीन. ती मशीन धप्प करून पडायची, त्याचाच त्यानं ठोका केला. मिनिटाला अडुसष्ट. त्या तिघांच्या पहिल्या गाण्याचा ठोका त्यानं घड्याळ लावून मोजला होता. रौफभाई वैतागायचा. "दादा, ये क्या जनाज़े का ठेका लगाए तुम? हाथ सो जारे मेरे!" दादा म्हणायचा, "झोपू दे. हात झोपला म्हणजे कान जागा होतो." चार गाण्यांची सीडी निघाली. पोरांनी ऐकून विचारलं, "दादा, लाईट डीम झाली होती का?" पण म्हातारी माणसं दुकानासमोर खाली बसून ऐकायची. माझी आई त्यात एक.

आई पहाटे रस्ते झाडायची. मला पहिल्यांदा शाळेत घालायला निघाली तेव्हा तिनं वाटेत तीन ओळी जुळवल्या होत्या. घरात त्या कायम म्हणायची.

झाडू माझ्या हातात गं, पाटी तुझ्या हातात,
मी झाडते वाट पुढं, तू चाल शाळेत,
मागं वळून बघू नको, धूळ जाईल डोळ्यात.

एवढंच. दादानं त्या ऐकल्या आणि टेस्टर खाली ठेवला. "हे आपलं शेवटचं गाणं," म्हणाला. "सर्वांत चांगलं." मला वाटलं, आता महिन्याभरात होईल. आईनं तर नवीन लुगडंच काढून ठेवलं, गाणं लोकांना ऐकवतील तेव्हा नेसायला.

मग तो फलक आडवा आला. आमची सीडी ऐकून मुंबईहून एक कंपनीवाला माणूस आला. चांगला बोलला, दुकानात बसून आईचं अर्धवट गाणंही ऐकलं, फक्त म्हणाला, जरा ठोका वाढवा, आईचं गाणं आम्ही जाहिरातीला घेऊ. मी दादाकडं बघितलं. दादा भिंतीकडं बघत होता. तिसरी ओळ. "त्यांनी जाहिरातवाल्यांना परत पाठवलं," तो म्हणाला, आणि ह्यालाही परत पाठवलं.

मी पेटले. "दादा, ते इंग्लंडात राहतात! त्यांचं बघून तू आमचे निर्णय घेणार? तुला स्वतःचं डोकं हाय का नाय?" रौफभाईचं तर घर ढोलकीवर चालायचं. तो म्हणाला, "मैं नै रुकता अब. बँजो पार्टीवाले बुलारे." आणि गेला. मला रडू फुटलं. आणि दादानं काय करावं? ब्रश घेतला, स्वतःच्या फलकावर पाचव्या ओळीत लिहिलं, 'ढोलकीवाला गेला,' आणि खुशीत मला म्हणाला, "बघ, बरोबर त्यांच्यासारखंच चाललंय."

ब्रश हिसकावून त्याच्या तोंडाला पिवळा रंग फासावा असं वाटलं होतं. फासायला हवा होता.

पुढं सहावी ओळ. दहा वर्षं गप्प. दादा आईचं गाणं उघडायचा, बंद करायचा. माझा आवाज रेकॉर्ड झाला होता, ठोका होता, सगळं होतं. काय राहिलं होतं देव जाणे. म्हणजे देव मी मानत नाही, पण दादाही मानत नव्हता, तेव्हा जाणायला कुणीच नव्हतं. दर रविवारी आई विचारायची, "झालं का गं गाणं?" मी सांगायचे, होतंय. तिचे पाय गेले, मग डोळे. लुगडं पेटीत तसंच. "झालं का गं?" होतंय, आई.

आई गेली. शोकसभेला दादा आला, पांढरा शर्ट घालून, मागं बसला. लोक गेल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तिला नीट ऐकू जाईल असं व्हायला पाहिजे होतं ना, म्हणून थांबलो." मी म्हणाले, "दादा, आता तू इथून जा, नाहीतर मी काय बोलेन मला माहीत नाही." तो तसाच उभा. पुन्हा म्हणाले, जा. तरी उभाच, माझ्या तोंडाकडं बघत.

तेव्हा मला काहीतरी खटकलं. एवढी वर्षं पेशंट बघतेय मी. आठ दिवसांनी दुकानात गेले, तो पाठमोरा बसला होता. मी दारातूनच मोठ्यानं म्हणाले, "दादा, दुकानाला आग लागलीय." तो सोल्डर करत राहिला. पुन्हा ओरडले. मग खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढ्यांदा दचकला!

बहिरा झाला होता. आयुष्यभर भोंग्यांत डोकं घालून कान गेले होते, आणि ही गोष्ट त्यानं किती वर्षं दडवली कोण जाणे. तळहात स्पीकरवर ठेवायची सवय म्हणून आम्ही हसायचो. तो हातानंच ऐकत होता! गाणं पुरं होईना, कारण त्याला माझे शब्दच ऐकू येत नव्हते. समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा, पण रेकॉर्डिंगमधले शब्द हाताला कळत नाहीत. मी त्याला ओढत कानाच्या डॉक्टरकडं नेलं, मशीन घ्यायला लावलं. ते त्यानं दोन दिवसांत काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. "त्यात सगळंच कर्कश वाजतं," म्हणाला. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" कागदावर लिहून विचारलं. तो म्हणाला, "साऊंडवाला बहिरा म्हटल्यावर कोण बोलावतंय?"

हे खरं होतं, म्हणून मला आणखी संताप आला. आई ताटकळत गेली ना पण!

आणि मग त्यानं कळस केला. एक डीजेवाला दुकानात आला, ट्रकवर स्पीकरच्या बॉक्सची भिंत उभी करणारा. म्हणाला, दादा, तुमचं आईचं गाणं द्या, आम्ही वाजवतो, शहराला ऐकू दे. दादानं मला विचारलं सुद्धा नाही. पेनड्राईव्ह दिला, सोबत कागदावर लिहून दिलं, 'ठोका अडुसष्ट. बदलायचा नाही.' डीजेवाल्यानं मान हलवली. मान हलवायला काय जातं!

त्या दिवशी भर दुपारी मला दादाचा निरोप, एका वरातीत गाणं वाजणार आहे, लगेच ये. मी ड्यूटी संपवून पांढऱ्या युनिफॉर्मवरच गेले. रस्ता तुंबलेला, ट्रकवर बॉक्सची भिंत, पुढं घोड्यावर नवरदेव, आणि सगळी मंडळी हात वर करून नाचतेय. "डोळ्यात! डोळ्यात! डोळ्यात!" माझा आवाज होता. झाडू नाही, पाटी नाही, शाळा नाही, धूळ नाही. फक्त डोळ्यात. माझ्या आईच्या गाण्यावर लोक एकमेकांना डोळे मारत होते.

आणि दादा ट्रकला टेकून उभा. तळहात बॉक्सवर, नजर घड्याळावर, चेहऱ्यावर असं समाधान की मी आजवर बघितलं नव्हतं. मला बघितल्यावर ओरडला, "अडुसष्ट हाय! बरोबर अडुसष्ट!"

गाणं दुप्पट पळवलं होतं, एकशे छत्तीसला. पण लोकांना नाचवायचा मोठा दणका त्यांनी एक सोडून एक ठोक्यावर ठेवला होता. हाताला तेवढाच दणका कळतो. हात त्याला खोटं सांगत होता.

गप्प बसता आलं असतं मला. दुसरी कुणी बसली असती. म्हातारा माणूस, खुश आहे, राहू दे. पण माझ्या डोळ्यांपुढं पेटीतलं लुगडं होतं. मी खिशातला पेन काढला आणि स्वतःच्या तळहातावर लिहून त्याच्या नाकासमोर धरलं: 'दुप्पट पळवलंय. शब्द नाहीत.'

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. बॉक्सवरचा हात काढून घेतला, शर्टाला पुसला. मग काही न बोलता ट्रकवर चढला, कुणाला कळायच्या आत बॉक्सच्या मागं शिरला आणि मेन बंद केला.

काय शांतता पसरली! घोडं सुद्धा दचकलं. मग शिव्या सुरू झाल्या. आयमायवरून. त्याला त्यातली एक ऐकू आली नाही. तो ट्रकच्या कडेला येऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मला म्हणाला, "सुनंदा, गा. माईक नको. हळू गा." आणि मांडीवर थाप मारायला लागला. अडुसष्ट.

सगळी वरात माझ्याकडं वळली. दोन-तीनशे माणसं. घामेजलेली, भडकलेली. मी, जी वॉर्डात मोठ्या डॉक्टरला सुनवायला भीत नाही, जी दादाला उभा-आडवा झोडपत आले, ती मी तिथं थिजले. तो थाप मारत होता, माझ्या तोंडाकडं बघत. त्याला खरंच घाई नव्हती.

मी तोंड उघडलं. झाडू माझ्या हातात गं. ओठ हलवले. पाटी तुझ्या हातात. आवाज फुटलाच नाही. एक अक्षर बाहेर पडलं नाही माझ्या तोंडातून, शपथ घेऊन सांगते. मी तिन्ही ओळींना नुसते ओठ हलवले, आणि लोक "उतरवा रे त्याला, येडा हाय," असं ओरडत होते. दादा माझे ओठ बघत होता. एकेका शब्दाला मान डोलावत होता. धूळ जाईल डोळ्यात झालं तसा त्यानं अंगठा वर केला आणि हसला. "आता आले बघ शब्द!" म्हणाला.

मग वरातीतल्या पोरांनी त्याला कॉलर धरून खाली ओढलं. खाली येईपर्यंत तो हसतच होता. बॉक्स पुन्हा सुरू झाले. मी त्याला रिक्षात घालून दुकानात सोडलं आणि घरी निघून आले. खरं सांगायला तोंड नव्हतं मला, आणि हातावर लिहायला जागा होती तरी लिहिलं नाही. चार महिन्यांनी दादा हार्टनं गेला.

दुकान रिकामं करायला मी आणि रौफभाई गेलो. गाद्या काढल्या तेव्हा फलक दिसला. 'लासूर साऊंड'च्या खाली सातवी ओळ भरलेली होती. दादाच्या हातची, वेडीवाकडी, पिवळी. 'भर वरातीत सुनंदानं आईचं गाणं गायलं. सगळ्यांनी शांत उभं राहून ऐकलं. सर्वांत चांगलं.'

रौफभाईनं वाचलं, डोळे पुसले, म्हणाला, "सुनंदा, सच्ची गाई तू? सबके सामने?"

मी बादलीतलं फडकं उचललं आणि ती ओळ घासायला लागले. कोपर दुखेपर्यंत घासली. ऑइलपेंट आहे, निघत नाही.